श्वासाचा रकाना

हॉस्पिटलात तिला सगळे एक्सप्रेस म्हणायचे. तोंडावर 'सिस्टर', पाठ फिरली की 'एक्सप्रेस'. तिला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला सांगा, मनातून आवडायचंही. बायकांच्या वॉर्डात खाटा चाळीस, पेशंट कधी पंचेचाळीस, कधी पन्नास. जास्तीच्या गाद्या दोन खाटांच्या मधल्या जागेत, जमिनीवर. आणि एका पाळीला सिस्टर किती? कागदावर पाच. प्रत्यक्षात दोन. त्यातली एक आजारी पडली की उरली एकटी एक्सप्रेस. मग इंजेक्शन भरता भरता ती नुसत्या हनुवटीनं मावशींना बादली कुठं ठेवायची ते दाखवायची, आणि तोंडानं तिसऱ्याच खाटेवरच्या म्हातारीला दटावायची, "आजी, सलाइनचा हात खाली ठेवा, मला काय टाटा करताय?"

बावीस वर्षं असं चाललं होतं. डबा उभ्यानं खायचा, तोही अर्धा. लघवीला जायचं तर तेसुद्धा कामांच्या रांगेत, दोनच्या औषधांच्या मागं. पोटऱ्यांच्या शिरा फुगून निळ्या झालेल्या, त्यांवर घट्ट मोजे. ती कधी कुरकुरली का? कुरकुरली की! पण कुरकुरतानाही हात चालूच.

एकदा कुठल्याशा कॉलेजातून एक मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन आली. नर्सेसच्या कामाच्या आयुष्याचा दर्जा कसा आहे, यावर म्हणे तिचा अभ्यास होता. चाळीस प्रश्न. तुम्हाला पुरेशी विश्रांती मिळते का? कामामुळे घरच्यांकडे दुर्लक्ष होतं असं वाटतं का? समोर पाच चौकोन, एकात खूण करायची. एक्सप्रेसनं औषधांच्या ट्रॉलीवर कागद टेकवला आणि वरपासून खालपर्यंत 'समाधानी', 'समाधानी' करत चार मिनिटांत परत दिला. मुलगी म्हणाली, "सिस्टर, वाचून भरा ना." एक्सप्रेस म्हणाली, "बाळा, वाचत बसले तर समाधानी कशी राहीन?" सगळा वॉर्ड हसला. ती मुलगीसुद्धा हसली.

घरी आई होती. नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला, मूलबाळ नाही. वडील गेल्यावर आई दादाकडं न राहता हिच्याकडं आली. दादा म्हणजे मोठा भाऊ, ट्रकांच्या गॅरेजात फिटर. त्याचं घर भरलेलं होतं, बायको, दोन मुलं, म्हणून आई म्हणाली, "मला रिकाम्या घरात जास्त काम मिळेल." भारी खट्याळ बाई. संध्याकाळी दाराची कडी वाजली की आतून हाक यायची, "आली का गाडी? किती लेट?" मग चहा ठेवायची, लेकीचे मोजे ओढून काढायची आणि पोटऱ्यांना तेल लावत बसायची. एक्सप्रेस खुर्चीतच झोपून जायची. आई किती दिवस काही बोलायला बघत होती, आणि किती दिवस लेक ऐकता ऐकता घोरली, याचा काही हिशेब नाही.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जिच्यामुळं पुढचं सगळं झालं.

दर चार तासांनी पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास बघून खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यात भरायचा असतो. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी मनगट धरल्यावर अर्ध्या मिनिटात कळते. श्वास मात्र मोजावा लागतो. घड्याळ हातात धरून, छातीकडं बघत, पूर्ण एक मिनिट, आणि पेशंटला कळू न देता, कारण कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. चाळीस पेशंट म्हणजे चाळीस मिनिटं. कुठून आणायची ती? म्हणून त्या रकान्यात सगळे वीस लिहितात. मिनिटाला वीस. बरा आकडा आहे, कुणाच्या डोळ्यात खुपत नाही. डॉक्टरांना ठाऊक असतं, मेट्रनला ठाऊक असतं. आणि कुणी नाकं मुरडायची गरज नाही. त्या वॉर्डात एक दुपार उभं राहून दाखवा, मग बोलू.

दीड वर्षापूर्वी एक नवी मुलगी आली होती. इतकी बारीक की मामांनी, म्हणजे वॉर्डबॉयनी, पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, टाचणी. अकरा महिन्यांच्या, पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायच्या करारावर लागलेली, घाबरट, पण कामाला प्रामाणिक. पहिल्या दिवशी दहा वाजता श्वास मोजायला निघाली आणि अकराला नवव्या खाटेपाशीच होती. डोळे म्हातारीच्या छातीवर, ओठ हलतायत. एक्सप्रेस कमरेवर हात ठेवून तिच्या मागं उभी राहिली.

"अगं पोरी, तू इथं श्वास मोजत बसलीस तर औषधं कोण देणार? तुझे मामा?"

"पण सिस्टर, कॉलेजात एक मिनिट—"

"कॉलेजात एक पेशंट होता, आणि तोही रबराचा. हे बघ. बोलतेय? खातेय? मग वीस. धाप लागलेली असेल तर दिसेलच ना! दिसलं की मोज. लिही आता."

टाचणीनं लिहिलं. त्या दिवसापासून तिचंही काम वेळेत व्हायला लागलं. पुढं तिची बदली हाडांच्या वॉर्डात झाली तेव्हा जाताना ती एक्सप्रेसच्या पाया पडली होती. म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून टिकले."

आणि मग आई न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं.

एक्सप्रेसनं तिला स्वतःच्याच हॉस्पिटलात आणलं. दुसरीकडं न्यायचा प्रश्नच नव्हता. इथं सगळे ओळखीचे, सर्जन ओळखीचे, भूल देणारे ओळखीचे. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी आईनं हाडांच्या वॉर्डातल्या मावशींची थट्टासुद्धा केली. एक्सप्रेसचा जीव भांड्यात पडला. रजा मागायला ती मेट्रनकडं गेली होती, पण मेट्रननं नुसते हात जोडले. "दोघी बाळंतपणाच्या रजेवर आहेत. तुमच्या वॉर्डात मी कुणाला उभं करू, सांगा? आणि तुम्ही वरच आहात की. एक जिना."

खरंच एकच जिना होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक्सप्रेसकडं एक्केचाळीस पेशंट होते आणि जोडीला कुणीच नव्हतं. अडीचच्या सुमाराला मामांना दाराशी उभं करून ती धावत खाली गेली. आई उशीला टेकून पडली होती. चेहरा जरा उतरलेला.

"काय गं, काय होतंय?"

"दम लागतोय गं," आई म्हणाली. "काही करत नाही, तरी लागतोय."

एक्सप्रेसचा हात सवयीनं पायथ्याच्या तक्त्याकडं गेला. दोन वाजताची नोंद होती. ताप नव्व्याण्णव. नाडी शहाण्णव. श्वास वीस. टाचणीची सही. तिनं तो आकडा बघितला आणि तिला हायसं वाटलं. हो, तिलाच. बोटाला लावून प्राणवायू बघायचं यंत्र त्या वॉर्डात एकच होतं आणि ते अतिदक्षता विभागात गेलेलं होतं. ते आणायला माणूस पाठवावा असं तिच्या मनात येऊन गेलं. पण वर सात सलाइन संपत आली होती.

"पडून पडून होतं असं," ती म्हणाली. तिनं आईला पुढं घेतलं, उशी उंच केली, पाठीवरून हात फिरवला. "पाचला येते. शहाण्यासारखी राहा."

पाचला तिला येता आलं नाही; एका पेशंटला झटका आला. सुटली तेव्हा साडेआठ वाजले होते आणि आईला झोप लागलेली होती. झोपलीय ती झोपू दे, असं म्हणून ती दोन मिनिटं दारातून बघून घरी गेली. सकाळी सातला आईला अतिदक्षता विभागात हलवलं. छातीत न्यूमोनिया पसरला होता, दोन्ही बाजूंना. अकरा वाजून दहा मिनिटांनी आई गेली. एक्सप्रेस तेव्हा तिचा हात धरून उभी होती. आयुष्यात शेकडो माणसं जाताना बघितलेली बाई, पण तिला आईचे डोळे मिटवायचंही सुचलं नाही. ते दुसऱ्या सिस्टरनं केलं.

चार दिवसांनी ती कामावर आली तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत टाचणी तिची वाट बघत होती. रडून रडून तोंड सुजलेलं.

"सिस्टर, मी मोजले नव्हते."

एक्सप्रेसनं कपाटाला किल्ली लावली.

"तुम्ही म्हणाला होता, दिसलं की मोज. मला दिसलंच नाही, सिस्टर. बावीस ड्रेसिंग होती आणि मी एकटी. मी आजींकडं नीट बघितलंसुद्धा नाही. हात धरला, नाडी घेतली, वीस लिहिलं आणि पुढं गेले."

एक्सप्रेसला आधी वाटलं, हिच्या मुस्काटात मारावी. खरंच हात शिवशिवला. पण मारायला हात उचलायचा तो कुणाच्या तोंडावर, हेच तिला कळेना. तिनं टाचणीला जवळ घेतलं आणि दोघी त्या कपाटांच्या मधे उभ्यानं रडल्या. मग बाहेरून कुणीतरी "सिस्टर, पाळीचा चार्ज द्यायचाय, मला बस गाठायचीय" म्हणून दार ठोठावलं, तसं तोंड धुऊन दोघी आपापल्या वॉर्डात गेल्या.

दादा मात्र गप्प बसणारा माणूस नव्हता. त्यानं अर्ज करून आईच्या कागदांच्या प्रती काढल्या आणि एका रविवारी बहिणीला घरी बोलावून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरल्या. वहिनी मुलांना घेऊन शेजारी गेली होती. मुद्दामच पाठवली असावी.

"हे बघ," दादानं काळपट पडलेलं बोट रकान्यावरून खाली नेलं. "मला तुमचं डॉक्टरी कळत नाही. पण वीस, वीस, वीस. बारा वेळा वीस. आणि अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरनं सकाळी मोजले तेव्हा अडतीस! मरायला टेकलेलं माणूस दोन दिवस घड्याळ लावून श्वास घेतं होय? मी ट्रकचा ब्रेक न बघता 'ओके' लिहिलं तर मला लोक उभा चिरतील."

"दादा, तिथं एकेका सिस्टरला—"

"ते मला सांगू नकोस. हा तक्रारीचा फॉर्म आणलाय. नाव लिहायला जागा आहे. ही सही कुणाची? आदल्या दिवशी दुपारी दोनची."

एक्सप्रेसला ती सही अंधारातसुद्धा ओळखू आली असती. नाव सांगितलं की टाचणीचा करार गेला, पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. आणि नाही सांगितलं तर दादा म्हणणार, आईपेक्षा हिला हॉस्पिटल जवळचं. तो तसं म्हणालाच.

"बोल की! का लपवतेस? तुझ्यातलीच आहे म्हणून?"

"तिला मी शिकवलं," एक्सप्रेस म्हणाली.

"काय शिकवलंस?"

"वीस लिहायला. ती मोजत होती. मी मोजू दिलं नाही."

 दादानं फॉर्म तिच्यापुढं सरकवला, त्यावर पेन आपटलं. "मग तुझंच नाव लिही."

तिनं लिहिलं. पूर्ण नाव, हुद्दा, वॉर्ड, सगळं सुवाच्य अक्षरात. दादानं कागदाची घडी घातली, खिशात टाकली आणि तो तोंड फिरवून नळाशी जाऊन उभा राहिला. ती चपला घालून निघाली तेव्हा त्यानं "ये" असंही म्हटलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. घरी आल्यावर कडी वाजवायची सवय जाईना. वॉर्डात तिनं श्वास मोजायला सुरुवात केली. प्रत्येकीचा, पूर्ण एक मिनिट. पहिल्या दिवशी दोनची औषधं साडेतीनला गेली. दुसऱ्या दिवशी एका बाईचं इन्सुलिन चुकलं आणि तिची साखर चारशेवर गेली. तिसऱ्या दिवशी नातेवाईक अंगावर धावून आले, मेट्रननं बोलावून घेतलं. मेट्रन वाईट नव्हती, बिचारी. म्हणाली, "सिस्टर, तुमचं दुःख मला कळतंय. पण मला दुसरी माणसं देणार नाही हो कुणी." पाचव्या दिवशी एक्सप्रेस तेराव्या खाटेपर्यंत मोजत गेली आणि चौदाव्यापासून तिनं वीस लिहिलं. लिहिताना डोळ्यांतून पाणी येत होतं, पण लिहिलं.

महिन्याभरानं, सुट्टीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला दादा तिच्या दारात उभा. हातात पाकीट. महिनाभर त्यानं फोन केला नव्हता की तिचा उचलला नव्हता, आणि आता एखाद्या लहान मुलासारखा उंबऱ्यावर घुटमळत होता.

"आत तर ये."

तो आईच्या खुर्चीत बसला, लगेच दचकून उठला आणि पलंगावर बसला. पाकिटातला कागद तिच्या हातात दिला. हॉस्पिटलचं उत्तर. 'सदर परिचारिका नमूद दिवशी संबंधित वॉर्डात कर्तव्यावर नव्हती. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' खाली शिक्का.

"बघ," दादा म्हणाला. "तू त्या वॉर्डात नव्हतीसच. साहेबांनी लेखी दिलंय. शिकवलं असशील काही तू दीड वर्षापूर्वी, सगळेच शिकवतात. मीही पोरांना काय काय शिकवतो गॅरेजात. मी उगीच तोंडाला येईल ते बोललो तुला. वहिनी तुझी रोज डोकं खाते माझं, जा म्हणते, बहीण एकच आहे." तो पलंगावरून पुढं सरकला. "चल घरी. चार दिवस राहा आमच्याकडं."

एवढं बोलून त्यानं तिचा हात हातात घेतला. तिला तेच हवं होतं. महिनाभर दुसरं काहीच नको होतं. नुसतं 'चल' म्हणून पिशवी भरायची होती. पण मग जन्मभर त्या घरात त्याच्यासमोर बसायचं, आणि त्याला ते माहीत नाही हे घेऊन बसायचं, हे तिच्यानं होण्यासारखं नव्हतं.

"दादा, मी गेले होते तिथं," ती म्हणाली. "त्या दुपारी. अडीच वाजता."

"कुठं?"

"आईकडं. ती म्हणाली, दम लागतोय. मी तक्ता बघितला. वीस होते. मी उशी उंच केली आणि परत गेले."

दादाचा हात तिच्या हातातच होता. त्यानं हळूच विचारलं, "मोजले नाहीस?"

"नाही."

"पण तुला तर ठाऊक होतं, ते आकडे कसे लिहितात ते."

"होतं. माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं."

"मग?"

"मला ते खरे असायला हवे होते, दादा. खरे असले तर मला वर परत जाता येणार होतं. एक्केचाळीस बायका होत्या रे माझ्याकडं." ती पलंगावर त्याच्या शेजारी टेकली. "मोजायला एक मिनिट लागतं. मी दोन मिनिटं होते तिथं."

खाली रस्त्यावर कुणीतरी भंगार मागत गेलं. दादानं हात सोडवून घेतला, रागानं नव्हे, तोंड पुसायला. मग बराच वेळ तो ते शिक्क्याचं पत्र घडी घालत आणि उलगडत बसला. ती वाट बघत होती, तो उठेल, ओरडेल, निघून जाईल. त्यातलं काहीच झालं नाही. तो पार म्हातारा दिसायला लागला होता.

"त्या दिवशी आई मला फोनवर म्हणाली होती, येऊन जा," दादा म्हणाला. "मी गेलो नाही गं. म्हटलं, तू आहेस ना तिथं."